इंग्रजी टेन्स: आधी वेळ ठरवा, मग क्रियापद बांधा

इंदूरच्या मराठी घरातली मुलं घरी मराठी बोलतात, बाहेर हिंदी, आणि इंग्रजी फक्त परीक्षेत नाहीतर इंटरव्ह्यूत, आणि नेमकी तिथंच टेन्सची गडबड होते. म्हणजे टेबल येत नाही असं नाही हां. बारा टेन्सचं टेबल सगळ्यांचं पाठ असतं, सब्जेक्ट प्लस हॅड बीन प्लस फर्स्ट फॉर्म प्लस आयएनजी, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. पण "काल कुठे होतास?" असं इंग्रजीत विचारलं की उत्तर येतं, 'आय हॅड गॉन टू माय मामाज हाउस.' हे चूक आहे, आणि का चूक आहे ते टेबल सांगत नाही.

चुकतो तो क्रम. आपण मराठी वाक्याचं शेपूट बघतो, 'आहे' दिसलं की इज, 'होतो' दिसलं की हॅड, 'पासून' दिसलं की सिन्स, आणि झालं. खाली जो क्रम दिलाय त्यात शेपूट बघायचंच नाहीये. आधी वेळ, मग अवस्था, मग रूप. पायऱ्या गाळू नका, विशेषतः पहिल्या दोन, कारण त्या सोप्या वाटतात आणि म्हणूनच सगळे त्या सोडून थेट तिसरीवर उडी मारतात.

सुरू करण्याआधीची तयारी

एक वही घ्या. मोबाइलच्या नोट्समध्ये नको, कारण तिथं तो आपोआप स्पेलिंग दुरुस्त करतो आणि आपल्याला वाटतं आपल्याला येतंय.

वहीत रोज लागणारी पन्नासेक क्रियापदं तिन्ही फॉर्मसकट लिहा. गाईडच्या मागची एबीसीडी प्रमाणे लावलेली लांबलचक यादी नको, तुम्ही दिवसभर जे करता तेच: जाणं, येणं, खाणं, पिणं, देणं, घेणं, सांगणं, विचारणं, विकत घेणं, विसरणं, हरवणं, भेटणं. लिहिताना गट करा म्हणजे डोक्यात बसतील. न बदलणारी एका बाजूला, कट, पुट, हिट, कॉस्ट, लेट, तिन्ही फॉर्म सारखेच. 'ऑट' असा आवाज येणारी दुसरीकडे, बाय-बॉट-बॉट, ब्रिंग-ब्रॉट-ब्रॉट, थिंक-थॉट-थॉट, टीच-टॉट-टॉट, कॅच-कॉट-कॉट. तिन्ही वेगळी असलेली तिसरीकडे, गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन, राइट-रोट-रिटन, टेक-टुक-टेकन. रीडचे तिन्ही फॉर्म लिहायला एकच, पण दुसरा आणि तिसरा 'रेड' असा बोलायचा.

आता ज्या जोड्या हमखास गोंधळवतात त्या वेगळ्या पानावर. पडणं म्हणजे फॉल-फेल-फॉलन, वाटणं म्हणजे फील-फेल्ट-फेल्ट. सापडणं म्हणजे फाइंड-फाउंड-फाउंड, पण स्थापन करणं म्हणजे फाउंड-फाउंडेड-फाउंडेड. आणि सगळ्यात वाईट तिकडी: आडवं पडणं लाय-ले-लेन, ठेवणं ले-लेड-लेड, खोटं बोलणं लाय-लाइड-लाइड. ह्या तिकडीत इंग्रजी मातृभाषा असलेलेही घसरतात, तेव्हा एकदा नीट लिहून ठेवा आणि पुढे चला.

लिहिण्याबोलण्याची एक गोष्ट. ईडी लागलं म्हणजे दरवेळी 'एड' म्हणायचं नसतं. वॉकला ईडी लावलं की उच्चार 'वॉक्ट', आस्कचा 'आस्क्ट', प्लेचा 'प्लेड'. क्रियापदाचा शेवट ट किंवा ड च्या आवाजानं होत असेल तरच वेगळा 'इड' ऐकू येतो, जसं वाँटेड, नीडेड. 'आस्केड', 'वॉकेड' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ते आजच बंद करा.

शेवटची तयारी, तीन मदतनीस क्रियापदं: बी, हॅव आणि डू. बीचे अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर. हॅवचे हॅव, हॅज, हॅड. डूचे डू, डझ, डिड. हे अडखळत येत असतील तर पुढचं वाचू नका, आधी हे करा.

*तपासा:* वही बंद करून दहा क्रियापदांचे तिन्ही फॉर्म मोठ्यानं म्हणा. दोनच्या वर अडलात तर अजून एक दिवस इथंच थांबा.

पायरी १: कधी? एवढंच विचारा

मराठी वाक्य मनात म्हणा आणि त्यातली गोष्ट खरोखर कधी घडते ते ठरवा: मागे, आत्ता की पुढे. क्रियापदाचं रूप बघू नका, कारण मराठी क्रियापद वेळेच्या बाबतीत बिनधास्त फसवतं.

फोनवर तुम्ही म्हणता "आलोच!", रूप भूतकाळाचं, पण तुम्ही तर अजून चप्पल घालताय. इंग्रजीत 'आय केम' म्हणालात तर समोरचा दाराकडे बघेल. 'आय अ‍ॅम कमिंग' हवं. तसंच "मी निघालो", घरातून बाहेर पडताना म्हणतो ते, 'आय अ‍ॅम लीव्हिंग'. "उद्या उज्जैनला जातो" ह्यात रूप वर्तमानाचं आणि गोष्ट उद्याची. आणि "पाऊस आला तर मॅच होणार नाही" ह्यात 'आला' म्हणजे पुढे कधीतरी येणारा पाऊस.

म्हणून प्रत्येक वाक्याच्या समोर, समासात, एक शब्द लिहा: मागे, आत्ता किंवा पुढे. बोलताना लिहिता येत नाही हे खरंय, पण पंधरा-वीस दिवस लिहून केलं की बोलताना ते आपोआप मनात होतं.

पायरी २: चारपैकी कोणती अवस्था?

वेळ ठरली की दुसरा प्रश्न. गोष्ट साधी आहे, चालू आहे, पूर्ण झालेली आहे, की आधीपासून चालत आलेली आहे? तीन वेळा आणि चार अवस्था, तीन चोक बारा, तेच तुमचं टेबल. बारा वेगळे नियम नाहीयेत ते.

साधी म्हणजे सवय, कायमची वस्तुस्थिती, किंवा एकदा घडून गेलेली घटना. चालू म्हणजे ज्या क्षणाबद्दल बोलतोय त्या क्षणी मध्येच असलेली. पूर्ण म्हणजे त्या क्षणाच्या आधी होऊन गेली पण तिचा त्या क्षणाशी संबंध आहे. चालत आलेली म्हणजे आधी सुरू झाली आणि त्या क्षणापर्यंत चालूच.

साधी आणि चालू ह्यातच सगळ्यात जास्त लोक चुकतात, आणि इथं आपल्या इंदूरवाल्यांकडे एक हत्यार आहे जे पुण्यातल्या मुलांच्या हाताशी नसतं. वाक्य हिंदीत म्हणून बघा, आपल्या इंदुरी हिंदीत. 'जा रिया हूँ', म्हणजे 'जा रहा हूँ', बसतंय? मग आयएनजी. 'जाता हूँ' बसतंय? मग साधं. "मी सुदामा नगरात राहतो" ह्याचं 'रहता हूँ' होतं, म्हणून 'आय लिव इन सुदामा नगर'. "मला माहीत आहे" ह्याचं 'मैं जानता हूँ' होतं, 'जान रिया हूँ' कोणी म्हणत नाही, म्हणून 'आय नो', 'आय अ‍ॅम नोइंग' कधीच नाही. मराठीतल्या 'आहे'मुळे जी गडबड होते ती हिंदीतून एकदा गाळून घेतली की बरीचशी निघते.

ही चाचणी काही ठिकाणी फसते तेही सांगतो. "समजतंय मला", हिंदीत 'समझ रहा हूँ' चालतं, इंग्रजीत मात्र 'आय अंडरस्टँड'च. आणि उलटं, "तो खुर्चीवर बसलाय", हिंदीत 'बैठा है', 'रहा' कुठेच नाही, तरी इंग्रजीत 'ही इज सिटिंग'. म्हणून ही छोटी यादी वहीत ठेवा, ह्यांना सहसा आयएनजी लागत नाही: नो, अंडरस्टँड, बिलीव, रिमेंबर, लाइक, वाँट, नीड, ओन, बिलाँग, सीम, आणि मालकीच्या अर्थानं हॅव.

*सावधान:* 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय अ‍ॅम हॅविंग अ‍ॅक्टिव्हा'. माझ्या मते टेन्सची ही एकच चूक समोरच्याच्या कानाला सगळ्यात आधी टोचते. भाऊ, गाडी, डिग्री, अनुभव, ताप, शंका, ह्या सगळ्याला 'आय हॅव'. 'हॅविंग' फक्त जेवण, चहा, अंघोळ, मजा असल्या करण्याच्या गोष्टींना: 'वी आर हॅविंग पोहा' एकदम बरोबर.

पायरी ३: आता रूप बांधा

इथं टेबल विसरा आणि फक्त तीन नाती लक्षात ठेवा. बीच्या मागोमाग आयएनजी येतं. हॅवच्या मागोमाग थर्ड फॉर्म येतो. डू आणि विलच्या मागोमाग फर्स्ट फॉर्म येतो. झालं. एवढ्यात बाराही टेन्स तयार होतात.

आणि एक चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. क्रियापदाचे दोन-तीन-चार शब्द एका ओळीत आले तर वेळ फक्त पहिल्या शब्दात असते. पहिला शब्द म्हणजे इंजिन, बाकीचे सगळे डबे. माणूस बदलला, काळ बदलला, तर इंजिन बदलतं, डबे आहेत तसेच राहतात.

ईट घेऊन बघा. साधं: ईट, एट, विल ईट. चालू: अ‍ॅम ईटिंग, वॉज ईटिंग, विल बी ईटिंग. पूर्ण: हॅव ईटन, हॅड ईटन, विल हॅव ईटन. चालत आलेलं: हॅव बीन ईटिंग, हॅड बीन ईटिंग, विल हॅव बीन ईटिंग. शेवटच्या रांगेत बघा काय होतं, हॅवच्या मागे बीचा थर्ड फॉर्म बीन आला, आणि बीनच्या मागे आयएनजी आलं. पाठ करायची गरजच नाही.

विलच्या मागे 'हॅज' का येत नाही, हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. 'ही विल हॅज' नाही, 'ही विल हॅव', कारण इंजिन विल आहे, हॅव डबा झाला, आणि विलच्या मागे फर्स्ट फॉर्म.

साध्या वर्तमानात ही, शी, इट किंवा एकच माणूस-वस्तू असेल तर एस लागतो. नियम पाचवीतला आहे, पण बोलताना एमएवाले पण विसरतात. 'माय फादर वर्क', 'माय सिस्टर लिव'. ह्याला उपाय फक्त तोंडाची सवय. रोज घरातल्या एका माणसाबद्दल पाच वाक्यं मोठ्यानं म्हणा, आई काय करते, आजोबा काय करतात, बास.

स्पेलिंगचं थोडक्यात: शेवटचा गप्प ई आयएनजी लावताना पडतो, मेकचं मेकिंग. लाय, डाय ह्यांचा आयई जाऊन वाय येतो, लाइंग, डाइंग. स्टॉपसारख्या छोट्या शब्दात शेवटचं अक्षर दोनदा, स्टॉप्ड, स्टॉपिंग. स्टडीला ईडी लावताना वायचा आय होतो, आयएनजी लावताना वाय तसाच राहतो.

*तपासा:* एक क्रियापद घ्या, कोणतंही, आणि 'शी' लावून बाराही रूपं टेबल न बघता म्हणा. अडलात तर टेबल उघडू नका, तीन नाती परत म्हणा.

पायरी ४: नकार आणि प्रश्न

इंजिन आधीच असेल तर नॉट त्याच्या मागे लावा, प्रश्न असेल तर इंजिन सब्जेक्टच्या पुढे आणा. 'शी इज कमिंग', 'शी इज नॉट कमिंग', 'इज शी कमिंग?'

इंजिन नसेल, म्हणजे साधा वर्तमान किंवा साधा भूतकाळ असेल, तर डू, डझ किंवा डिड भाड्यानं आणावं लागतं. आणि ते आलं की वेळ आणि एस दोन्ही तेच उचलतं, मूळ क्रियापद परत फर्स्ट फॉर्मवर येतं. 'ही वेंट' पण 'ही डिड नॉट गो'. 'शी वर्क्स' पण 'डझ शी वर्क?'

चूक: 'आय डिडंट वेंट'च्या चालीवर जे काही आपण बोलतो ते सगळं, डिडंट वेंट, डिडंट केम, डिडंट सॉ, डझंट नोज. डिड आलं की मागचा शब्द साधा, दरवेळी, अपवाद नाही.

दुसरी चूक ऐकू येते प्रश्नात. 'व्हेअर यू आर गोइंग?' 'व्हाय यू डिडंट कम?' मराठीत आणि हिंदीत प्रश्न विचारताना शब्दांचा क्रम बदलावा लागत नाही, "तू कुठे चाललायस" ह्यात काही हलत नाही, म्हणून आपण इंग्रजीतही हलवत नाही. पण इंजिन पुढे यायलाच हवं: 'व्हेअर आर यू गोइंग?' 'व्हाय डिडंट यू कम?'

उलट प्रश्न जेव्हा मोठ्या वाक्याच्या पोटात असतो तेव्हा इंजिन परत आपल्या जागी जातं. 'डू यू नो व्हेअर ही लिव्ज?' बरोबर, 'डू यू नो व्हेअर डझ ही लिव?' चूक. आणि 'हू' स्वतःच कर्ता असेल तर डिड लागत नाही, 'हू कॉल्ड यू?' एवढंच.

पायरी ५: हॅव की साधा भूतकाळ

ही पायरी सावकाश वाचा, सगळ्यात जास्त मार्क आणि सगळ्यात जास्त इज्जत इथंच जाते.

साधा भूतकाळ म्हणजे संपलेल्या वेळेतली गोष्ट. ती वेळ वाक्यात असते किंवा दोघांना माहीत असते. हॅव म्हणजे गोष्ट मागे झाली, पण नक्की कधी ते महत्त्वाचं नाही, आज तिचा परिणाम किंवा हिशोब महत्त्वाचा.

आपल्या गावचीच उदाहरणं घेऊ. होळकर स्टेडियमवर २०११ साली सेहवागनं वेस्ट इंडीजविरुद्ध वनडेत २१९ केले होते. इंग्रजीत 'सेहवाग स्कोर्ड २१९ इन इंदोर इन २०११'. साल आलं, म्हणजे हॅज येऊच शकत नाही. अहिल्याबाई होळकर १७९५ मध्ये वारल्या, 'अहिल्याबाई डाइड इन १७९५', 'हॅज डाइड' नाही. राहुल द्रविडचा जन्म इंदूरचा, १९७३ चा, 'द्रविड वॉज बॉर्न इन इंदोर', 'हॅज बॉर्न' असं इंग्रजीत काही नसतंच. आता इंदूरच्या स्वच्छतेचं बघा: 'इंदोर फर्स्ट टॉप्ड द क्लीनलिनेस रँकिंग इन २०१७', इथं साल आहे म्हणून साधा भूतकाळ. पण 'इंदोर हॅज टॉप्ड इट मेनी टाइम्स', इथं साल नाही, शहर आजही आहे, हिशोब अजून बंद झालेला नाही, म्हणून हॅज. एकच गोष्ट, दोन वाक्यं, फरक फक्त वेळ सांगितली की नाही ह्याचा.

म्हणून नियम असा धरा: यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९, व्हेन आय वॉज इन स्कूल, ह्यातलं काहीही वाक्यात दिसलं की हॅव-हॅज बंद. 'आय हॅव कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन २०२१' हे वाक्य बायोडेटात किती जणांच्या असतं बघा, आणि चूक आहे. एकतर 'आय कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन २०२१' किंवा साल काढून 'आय हॅव कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन'.

मराठीतला 'जेवलो' आणि 'जेवलोय' हा फरक इथं कामाला येतो. "जेवलोय मी, नको आता" म्हणजे आत्ता पोट भरलेलं आहे, 'आय हॅव ईटन'. "काल मी मामाकडे जेवलो", 'आय एट'. जिथं मराठीत तोंडात आपोआप 'केलंय, बघितलंय, आलाय' असं 'य'वालं रूप येतं तिथं बहुतेक वेळा हॅव लागतं. बहुतेक म्हणतोय, कारण "तो २०१५ ला इंदूरला आलाय" असंही आपण म्हणतो, आणि तिथं साल आहे म्हणून 'ही केम'च.

बीन आणि गॉन पण इथंच मिटवून टाकू. 'ही हॅज गॉन टू भोपाल' म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. 'ही हॅज बीन टू भोपाल' म्हणजे जाऊन आलाय. स्वतःबद्दल 'आय हॅव गॉन टू भोपाल ट्वाइस' म्हणू नका, तुम्ही तर इथं उभे आहात, 'आय हॅव बीन टू भोपाल ट्वाइस' म्हणा.

सिरीज बघताना अमेरिकन लोक 'डिड यू ईट ऑलरेडी?' म्हणताना ऐकाल. त्यांच्याकडे जस्ट, ऑलरेडी, येट बरोबर साधा भूतकाळ चालतो. आपल्या परीक्षांत मात्र 'हॅव यू ईटन ऑलरेडी?' हेच लिहा.

पायरी ६: हॅडला जागेवर ठेवा

"मी काल राजवाड्याला गेलो होतो." "आम्ही रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) बघायला गेलो होतो." मराठीत 'होतो' लावल्याशिवाय गप्पा पुढेच जात नाहीत. इंग्रजीत त्याचं 'आय वेंट', 'वी वेंट'. हॅड नाही.

हॅड येतं फक्त तेव्हा, जेव्हा मागच्या दोन गोष्टी असतात आणि त्यातली एक दुसरीच्याही आधी झालेली असते. मुंबईला जायला स्टेशनवर पोचलो तर अवंतिका सुटून गेली होती: 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द अवंतिका हॅड लेफ्ट.' पोचणं मागे, सुटणं त्याच्याही मागे. जुन्या गोष्टीला हॅड, नंतरच्या गोष्टीला साधा भूतकाळ. दोन्हीला हॅड लावू नका.

*तपासा:* हॅड लिहिलंत की बोट ठेवून विचारा, कशाच्या आधी? उत्तर वाक्यात किंवा मागच्या वाक्यात सापडलं नाही तर हॅड खोडा.

ह्याच घरातल्या आणखी दोन गोष्टी. "लहानपणी आम्ही दर रविवारी छप्पन दुकानला खायला जायचो", ही जुनी सवय, 'वी यूज्ड टू गो'. 'वी वेअर गोइंग एव्हरी संडे' नाही. पण आजच्या सवयीला 'यूज टू' लावू नका, "मी सहाला उठतो" म्हणजे 'आय वेक अप अ‍ॅट सिक्स', 'आय यूज टू वेक अप' नाही. आणि "मी येणार होतो पण...", 'आय वॉज गोइंग टू कम, बट'. हे वाक्य आपण रोज बोलतो, एकदा तोंडात बसवून टाका.

वॉज-वेअर आणि आयएनजी सहसा दुसऱ्या एखाद्या घटनेच्या सोबत येतं. 'आय वॉज कुकिंग व्हेन द लाइट वेंट.' स्वयंपाक चालू होता, मध्येच लाइट गेली.

पायरी ७: पासून

"सकाळपासून" आणि "दोन वर्षांपासून", मराठीत दोन्हीला 'पासून', हिंदीत दोन्हीला 'से'. इंग्रजीत दोन शब्द. सुरुवातीचा बिंदू असेल तर सिन्स: सिन्स मॉर्निंग, सिन्स २०१८, सिन्स दिवाळी, सिन्स आय जॉइन्ड. लांबी असेल, मोजता येणारी, तर फॉर: फॉर टू इयर्स, फॉर थ्री डेज, फॉर अ लाँग टाइम. 'सिन्स टू इयर्स' हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत चूक.

आणि क्रियापद? "मी दोन वर्षांपासून इथं काम करतोय", 'करतोय' बघून सगळे 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर' लिहितात. गोष्ट मागे सुरू झाली आणि आत्तापर्यंत चालत आली, म्हणजे चौथी अवस्था: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'. नो, बिलाँगवाल्या यादीतली क्रियापदं असतील तर बीन-आयएनजी नाही, नुसतं 'आय हॅव नोन हिम सिन्स स्कूल'.

पायरी ८: पुढचं

भविष्याला विल एवढंच शिकवलेलं असतं, पण बोलण्यात चार पर्याय असतात. तिथल्या तिथं ठरवलं तर विल, फोन वाजला आणि तुम्ही म्हणालात 'आय विल गेट इट'. आधीच मनात ठरलेलं असेल तर गोइंग टू. तारीख-वेळ पक्की झालेली असेल तर चालू वर्तमान, 'आय अ‍ॅम मीटिंग हर टुमारो'. आणि टाइमटेबल असेल तर साधा वर्तमान, 'द ट्रेन लीव्ज इन द इव्हनिंग'. शॅल फक्त 'शॅल वी गो?' साठी ठेवा, बाकी विलनं भागतं.

खरी अडचण 'तर' आणि 'की'ची. "तो आला की मी सांगतो." "पाऊस आला तर नाही जाणार." इथं मुलं दोन प्रकारे चुकतात, एक तर 'आला' बघून 'व्हेन ही केम', नाहीतर गोष्ट पुढची म्हणून 'व्हेन ही विल कम'. दोन्ही नको. पुढच्या गोष्टीबद्दल इफ, व्हेन, अनटिल, बिफोर, आफ्टर, अ‍ॅज सून अ‍ॅज ह्यांच्या मागे साधा वर्तमान, विल फक्त दुसऱ्या तुकड्यात: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.' 'इफ इट रेन्स, वी वोन्ट गो.'

मात्र 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' बरोबर आहे, कारण इथं व्हेन म्हणजे 'कधी', 'जेव्हा' नाही. मराठीत 'कधी' येत असेल तर विल चालतं, 'की', 'तर', 'जेव्हा' येत असेल तर नाही.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना एक सांभाळा. "आई म्हणाली ती येतेय", मराठीत आतलं वाक्य जसंच्या तसं राहतं. इंग्रजीत सेड आलं की आतलं सहसा एक पायरी मागे सरकतं: 'मॉम सेड शी वॉज कमिंग', विलचं वुड, कॅनचं कुड.

पायरी ९: एक अख्खा परिच्छेद दुरुस्त करा

सुपर कॉरिडॉरकडच्या कुठल्याही आयटी कंपनीत इंटरव्ह्यूला जाणारी मुलं स्वतःबद्दल साधारण असं पाठ करून जातात:

'आय अ‍ॅम बिलाँगिंग टू इंदोर. आय हॅव डन माय बीकॉम इन २०२१. आय अ‍ॅम वर्किंग इन अ बँक सिन्स टू इयर्स. बिफोर दॅट आय हॅड वर्क्ड इन अ शॉप. माय फादर रन अ मेडिकल स्टोअर. इफ आय विल गेट धिस जॉब, आय विल वर्क हार्ड.'

आता ओळीनं पायऱ्या लावा. बिलाँग यादीतलं आहे, आयएनजी नाही: 'आय बिलाँग टू इंदोर', किंवा त्याहून सहज 'आय अ‍ॅम फ्रॉम इंदोर'. साल आहे, हॅव जाणार: 'आय डिड माय बीकॉम इन २०२१.' चालत आलेली गोष्ट आणि लांबी: 'आय हॅव बीन वर्किंग इन अ बँक फॉर टू इयर्स.' पुढच्या ओळीत क्रम 'बिफोर दॅट'नंच सांगितलाय, हॅडची गरज उरत नाही: 'बिफोर दॅट आय वर्क्ड इन अ शॉप.' वडील एकच, एस हवा: 'माय फादर रन्स अ मेडिकल स्टोअर.' इफच्या मागे विल नाही: 'इफ आय गेट धिस जॉब, आय विल वर्क हार्ड.'

हेच तुमच्या स्वतःच्या परिच्छेदावर करा. आठ-दहा वाक्यं लिहा, समासात वेळ आणि अवस्था मराठीत लिहा, मग क्रियापद तपासा. एकाच वेळी सगळ्या चुका शोधू नका, नजर चुकते. पहिल्या फेरीत फक्त एस बघा. दुसऱ्यात डिडच्या मागचं क्रियापद. तिसऱ्यात हॅव आणि साल एकत्र आलेत का. चौथ्यात प्रत्येक हॅडला "कशाच्या आधी?" विचारा. पाचव्यात सिन्स-फॉर आणि इफ-विल. मग तो परिच्छेद न बघता मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना परत त्याच पाच फेऱ्या मारा, कारण कागदावर सुधारलेला एस बोलताना हमखास परत गळतो, आणि तो गळलेला रेकॉर्डिंगमध्येच ऐकू येतो.